मामांच्या डाळिंबाला चहा

आटपाडी तालुक्यात माझ्या मामांची एकरभर डाळिंबाची बाग आहे. वाण भगवा, अंतर चौदा बाय दहा फूट, पंधरा ओळी, तीनशे झाडं. दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा या बागेत आम्ही कंपोस्टचा चहा करून पाहिला, त्याची ही हकिकत. पहिल्या उन्हाळ्यात तो वाया घालवला आणि पावसाळ्यात थोडाफार कामी आणला, असं म्हणणं जास्त खरं. ज्यांचं रान असंच माळाचं, तापणारं आणि पाण्याला महाग आहे त्यांना यातल्या चुका उपयोगी पडतील. यशाची गोष्ट वाचायला आलेल्यांची थोडी निराशा होईल.

चहा म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत कापडाच्या पोत्यात बांधून पाण्यात सोडायचं, पंपाने त्या पाण्यात सतत हवा सोडायची, जिवाणूंना खाद्य म्हणून थोडा गूळ घालायचा आणि दिवसभराने ते पाणी गाळून झाडाच्या बुंध्याशी द्यायचं. खतातले जिवाणू आणि बुरशी पाण्यात उतरतात, वाढतात आणि जमिनीत जाऊन कामाला लागतात, अशी त्यामागची कल्पना. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मामा गोठ्यात धार काढत होते.

“झाडाला च्या? साखर किती घालायची?”

“साखर नाही मामा, गूळ घालायचा.”

“मग गुळाचा च्या म्हण की. आमची आई द्यायची पाव्हण्यांना.”

मामांना जीवामृत माहीत होतं. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी, हे माप त्यांना तोंडपाठ. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ते गावोगावी पोचवलं, आणि आमच्याकडेही एका काळी दर दुसऱ्या गोठ्याबाहेर त्याचं निळं पिंप उभं होतं. मामांनी दोन वर्षं केलं आणि सोडून दिलं. का सोडलं, ते तेव्हा मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रान

जमीन मुरमाड. वरची माती कुठे फूटभर, कुठे त्याहून कमी; खाली मुरूम. मातीत चुनखडी भरपूर, आम्ल टाकलं की फसफसते. मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू (पीएच) ८ च्या वर आणि सेंद्रिय कर्ब ‘कमी’ या रकान्यात. पाऊस चांगल्या वर्षीही ५०० मिलिमीटरच्या आत, तोही चार-दोन झडींत येऊन जाणारा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तालुक्यात आल्यापासून काही गावांत चक्क ऊस दिसू लागला, पण मामांचं रान उंचावर. त्यांची भिस्त शेततळ्यावर आणि बोअरवर.

आणि रान स्वच्छ. गवताची काडी नाही. सकाळी फिरताना मामा दिसेल ते तण उपटून बांधाबाहेर टाकायचे. आमच्या भागात चांगल्या शेतकऱ्याची हीच ओळख आहे. बाग आरशासारखी असली की रस्त्याने जाणारा थांबून बघतो. मे महिन्यात दुपारी तीनला मी या आरशात पाच सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसला. पारा ४६ अंशांवर गेला. वरची माती तर उघड्या पायाला सोसत नव्हती.

तक्रार तीन प्रकारची होती. ठिबक चालू केलं की पाणी ड्रीपरखाली डबकं करून साचायचं, कारण वर पपडी. पपडी फोडली की खाली मुरमातून निघून जायचं. कोवळी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. तिसरी तक्रार कुठल्याही पत्रिकेवर नव्हती. मामा म्हणायचे, “रान मेलंय.” आसपासच्या बऱ्याच बागा मर रोगाने आणि खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या किडीने गेल्या होत्या, त्यामुळे हा शब्द ते सहज वापरत नसत.

मामा हस्त बहार धरतात, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी बागेला फुलं आणतात. फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरतात आणि मग बाग विश्रांतीला जाते. शेणखत आणि जमिनीची कामं तेव्हाच होतात. म्हणून चहाही तेव्हाच सुरू करायचा ठरला, एप्रिलमध्ये. पहिली चूक ही.

पहिला उन्हाळा

सामान किरकोळ होतं. २०० लिटरचं काळं पिंप, माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप, दोन नळ्या, मामींच्या जुन्या सुती लुगड्याची पिशवी, १० किलो गांडूळखत आणि किलोभर गूळ. वेळ २४ ते ३६ तास, असं मी वाचलं होतं. वाचलेलं बहुतेक थंड प्रदेशातलं होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पिंप गोठ्याच्या बाजूला उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत त्यातलं पाणी आंघोळीला चालेल इतकं तापलं. रात्री लाईट गेली. आमच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते आणि मधेच जाते. पंप किती तास बंद होता ते कोणालाच ठाऊक नाही. सकाळी मी पिंपाचं झाकण काढलं आणि मागे सरलो. मामा जवळ येऊन एकदाच हुंगले.

“नासलंय हे. उकिरड्यावर वत.”

मी म्हणालो, थोडा वास असतोच. “वास आन् घाण यातलं कळतं आमाला,” म्हणून त्यांनी स्वतःच पिंप आडवं केलं.

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचं कारण साधं आहे. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ४० अंशांना साडेसहाच्याही खाली. त्याच वेळी उष्णतेने जिवाणूंची भूक वाढते आणि वर गूळ घातला की ती आणखी चेवते. म्हणजे तापलेल्या पिंपात खाणारी तोंडं जास्त आणि हवा कमी. पंप तासभर जरी थांबला तरी प्राणवायू संपतो आणि बिनहवेचे जिवाणू पिंपाचा ताबा घेतात. मग सडका वास येतो, आम्लं आणि अल्कोहोलं तयार होतात आणि ती कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. थंड हवेत जी कृती दीड दिवस चालते ती आमच्या एप्रिलमध्ये रातोरात बिघडते.

पुढच्या वेळी पिंप कडुलिंबाखाली खड्डा करून कंबरभर पुरलं आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, रांजणाला गुंडाळतात तसं. पंप बदलून मोठा घेतला. सुरुवात संध्याकाळी सहाला, शेवट सकाळी सहाला. गूळ पाव किलोवर आणला. असा बारा तासांचा चहा चांगला निघू लागला. पावसाळ्यात ओल्या पाचोळ्याखाली येतो तसा वास, वर थोडा फेस. फेस बघून मी खूश व्हायचो. नंतर कळलं की फेस गुळाने आणि खतातल्या प्रथिनांनीही येतो, त्यावरून जिवाणू मोजता येत नाहीत.

गूळ कमी करण्याला दुसरंही एक कारण होतं. गुळासारखं गोड खाद्य घातलं की चांगल्या जिवाणूंबरोबर शेणातून आलेले वाईटही वाढू शकतात, त्यात माणसाच्या पोटाला बाधणारा ई-कोलाय आला. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे राष्ट्रीय नियम २००२ मध्ये लागू झाले तेव्हा हा वाद तिथे पेटला होता. त्यावर नेमलेल्या कंपोस्ट टी कार्यगटाने २००४ च्या अहवालात असं खाद्य घालून केलेल्या चहाची वापरण्याआधी जंतुचाचणी व्हावी, असं सुचवलं. आमच्याकडे कोण चाचणी करणार? म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या: खत पूर्ण कुजलेलंच घ्यायचं, आणि चहा जमिनीलाच द्यायचा, फळांवर कधीही नाही. कोथिंबीर-मेथीवर कोणी हा चहा फवारत असेल तर त्याने थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्रिल-मे मिळून सहा पिंपं दिली. दोनदा ठिबकमधून सोडलं आणि दोन्ही वेळा ड्रीपर तुंबले. मामींचं लुगडं बारीक कण अडवायला पुरेसं नव्हतं. उरलेल्या वेळी मगाने, झाडामागे अर्धा-पाऊण लिटर.

जूनपर्यंत काय बदललं? काही नाही. आठवड्यात पपडी पुन्हा धरायची, पालवी पिवळीच यायची, मातीत गांडूळ औषधालाही नव्हतं. फक्त दोन-तीन ओळींत पानांवर थोडी चमक आली असं मला वाटलं. मामांना ती दिसली नाही.

तेव्हा मी त्यांना जीवामृत सोडण्याचं कारण विचारलं.

“रान तापल्यालं. वर वतलं की वाळतंय. मंग काय उपेग? पाळेकर म्हणायचे आच्छादन करा. आच्छादनाला आणू काय, कडबा? मग बैल काय खातील?”

कृतीचं माप तोंडपाठ असणाऱ्या माणसाने खरी अडचणही नेमकी ओळखली होती. पाळेकरांच्या मांडणीत बीजामृत (बियाण्याला लावायचं), जीवामृत, आच्छादन आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं) अशी चार अंगं आहेत. गावोगावी पोचलं ते पिंप. आच्छादन मागे राहिलं, कारण कोरडवाहू मुलखात झाकायला योग्य अशी प्रत्येक काडी आधी जनावराच्या तोंडात जाते.

हिशेब

पावसाळ्याच्या तोंडाशी मी वही घेऊन बसलो. हे आधी केलं असतं तर एक उन्हाळा वाचला असता.

पहिला हिशेब नत्राचा. पिंपात १० किलो गांडूळखत. त्यात दीड टक्का नत्र धरलं आणि सगळंच्या सगळं पाण्यात उतरलं असं मानलं, जे उतरत नाही, तरी १५० ग्रॅम. पाच वर्षांपुढच्या डाळिंबाला कृषी विद्यापीठाची वर्षाची शिफारस झाडामागे ६२५ ग्रॅम नत्राची. म्हणजे अख्ख्या पिंपातलं नत्र एका झाडाच्या वर्षाच्या गरजेच्या पावपटही नाही, आणि ते आम्ही तीनशे झाडांना वाटत होतो. झाडामागे अर्धा ग्रॅम. चहा हे खत नव्हे, एवढं या एका ओळीत संपलं.

दुसरा कर्बाचा. एका एकरातली सहा इंच माती सुमारे ९०० टन भरते. तिचा सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९०० किलो कर्ब जमिनीत टिकला पाहिजे. टिकला, नुसता टाकला नव्हे. उष्ण रानात टाकलेल्यातला बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. पिंपातल्या १० किलो खतात कर्ब असतो फार तर दोन-अडीच किलो. सहा पिंपांचे पंधरा.

तिसरा हिशेब जिवाणूंचा, आणि मला सर्वांत जास्त झोंबला तो हाच. चहाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, आम्ही खत देत नाही, जीव देतो. ठीक. उत्तम चहाच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटी जिवाणू धरू. २०० लिटरचे होतात २ वर १४ शून्यं. मामांची ‘मेलेली’ माती घ्या. गरिबातल्या गरीब मातीच्या ग्रॅमभरात दहा कोटी जिवाणू धरले तर एकराच्या सहा इंचांत ९ वर १६ शून्यं. आम्ही रातभर पंप चालवून रानात आधीच असलेल्या लोकसंख्येत हजारामागे दोनाची भर घालत होतो. आणि जे घालत होतो ते गुळावर पोसलेले, सावलीतले. त्यांना ४६ अंशांच्या उपाशी मातीत नेऊन सोडत होतो.

म्हणजे रान मेलेलं नव्हतं, निजलेलं होतं. याचा पुरावा आपण सगळे दर वर्षी नाकाने घेतो. वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास सुटतो तो अ‍ॅक्टिनोमायसीट नावाच्या जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्याचा असतो. केनियात काम करणाऱ्या बर्च या संशोधकाने १९५८ मध्ये दाखवलं की वाळलेली माती भिजली की तिच्यातले जीव एकदम श्वास घेऊ लागतात आणि साठलेला कर्ब झपाट्याने जाळतात. आमच्यासारख्या रानात हे वर्षात कितीदा तरी होतं: भिजलं, जळलं, वाळलं, पुन्हा भिजलं. जीव कमी नाहीत. त्यांना सलग ओल मिळत नाही आणि खायला मिळत नाही.

चुनखडीचाही हिशेब याच पानावर आहे. मातीत ५ टक्के चुना धरला तर एकराच्या सहा इंचांत ४५ टन होतो, आणि सामू चढा ठेवतो तो हाच. चहाने सामू खाली येतो असं कोणी सांगत असेल तर त्याला हा आकडा दाखवावा. पालवीला चहा-जीवामृताने काही वेळा जी हिरवी झाक येते ती बहुधा त्यातल्या विरघळलेल्या सेंद्रिय आम्लांची करामत. ती लोहाला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत नेतात. काही दिवसांचा खेळ. चुना जागच्या जागी.

मी हे सगळं मामींना सांगत होतो, कारण मामा वाटणीच्या एका बैठकीला गेले होते. त्या दही लावत होत्या. म्हणाल्या, “म्हंजी दूधच न्हाई आन् तुमी नुसतं इरजण लावत बसलाव.”

दूध कुठून आणायचं

कडबा वापरायचा नाही, ही अट मामांची आणि रास्त. बाजरीचं सरमाडही जनावरं खातात. डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या बागेत टाकणं धोक्याचं, तेल्या रोगाचे जिवाणू आणि बुरशा त्यांतूनच परत येतात. राहिलं काय? शोधल्यावर तीन गोष्टी सापडल्या.

एक, उसाचं पाचट. विट्याकडचे शेतकरी अजूनही बरंचसं जाळतात. मामांच्या ओळखीच्या एकाने वाहतुकीच्या खर्चात न्यायला सांगितलं. दोन ट्रॉल्या झाल्या, अंदाजे अडीच टन. वाळलेल्या पाचटात ४० टक्क्यांच्या आसपास कर्ब, म्हणजे हजार किलो. सहा पिंपांच्या पंधरा किलोंशेजारी हे लिहिलं तेव्हा मला हसू आलं.

दोन, बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). फांद्या खोचल्या पावसाळ्यात. पाला कापायला यायला वेळ लागणार होता, पण पाचटात नत्र फार कमी आणि गिरिपुष्पाचा पाला नत्राने भरलेला, म्हणून जोडी चांगली.

तीन, मेंढरं. पूर्वी मामांचे वडील धनगरांचा कळप रानात बसवायचे. दोन रात्री कळप बसला की लेंड्या आणि मूत जागच्या जागी, वाहतूक नाही, पिंप नाही, पंप नाही. बदल्यात धान्य किंवा पैसे. बाग झाल्यावर हे बंद पडलं, कारण मेंढरं डाळिंबाची पालवी खातील. आता कळप बागेत नाही, शेजारच्या मोकळ्या तुकड्यात बसवला आणि लेंडीखत गोळा करून, कुजवून वापरलं, झाडाला साधारण १० किलो. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त विश्वास याच गोष्टीवर बसला, आणि तिच्यात माझं श्रेय शून्य आहे.

मग ओळी वाटल्या. कडेच्या दोन सोडून दिल्या. चार ओळींना फक्त चहा. चार ओळींना लेंडीखत आणि वर वीतभर जाड पाचट, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. चार ओळींना लेंडीखत, पाचट आणि त्यावर चहा. मधली आठवी ओळ कोरी, जशी होती तशी. हा शास्त्रीय प्रयोग नव्हे, हे मान्य. उताराच्या वरच्या अंगाला माती हलकी आहे आणि फक्त चहाच्या ओळी नेमक्या तिकडेच आल्या. पण डोळ्यांनी बघण्यापुरतं पुरे होतं.

चहाची वेळ बदलली. एप्रिल नाही, मृगाचा पाऊस पडून जमीन भिजल्यावर, वाफसा आल्यावर, दर पंधरवड्याला, तेही दिवस मावळताना. उन्हातले अतिनील किरण आणि कोरडी हवा या दोन्हींपासून जिवाणू तेवढे वाचतात. तयार झालेला चहा दोन-चार तासांच्या आत जमिनीत गेला पाहिजे, पंप बंद झाला की घड्याळ सुरू होतं. म्हणून उकळी, म्हणजे चहा मुरवणं (मामा त्याला उकळीच म्हणतात), आता पहाटे सहाला सुरू करून संध्याकाळी सहाला संपवायची. पावसाळी ढगाळ हवेत पाणी तापत नाही, त्यामुळे दिवसा चालतं.

काय दिसलं

पाचट घातलेल्या आठही ओळींत फरक पहिल्या महिन्यातच दिसला. पपडी धरणं बंद झालं. ठिबकचं पाणी डबकं न करता आत शिरू लागलं. पुढच्या मे महिन्यात त्याच दुपारी तीनच्या वेळेला पाचटाखालच्या मातीत थर्मामीटर ३३ अंशांवर थांबला. कोऱ्या ओळीत ४५. पाण्याचा फेर दोन दिवसांनी लांबला. पाचटाखाली पांढऱ्या मुळ्या मातीच्या अगदी वरच्या थरापर्यंत आल्या होत्या, जिथे आधी एकही नसायची. आणि ऑगस्टमध्ये मामांनी मला फोन करून बोलावलं ते गांडूळ दाखवायला. एकच होतं. पण होतं.

फक्त चहाच्या ओळी आणि कोरी ओळ यांत मला फरक सांगता येत नाही.

पाचट आणि पाचट-अधिक-चहा यांत मात्र एक फरक स्पष्ट होता. चहाच्या ओळींतलं पाचट लवकर काळं पडलं, हाताने चुरगळू लागलं, त्यात बुरशीचे पांढरे धागे दाट होते. दिवाळीपर्यंत तिथला थर निम्म्यावर आला आणि दुसऱ्या ओळींत तो अजून कडक होता. तार्किकदृष्ट्या हे पटण्यासारखं आहे: पाचट बाहेरून आलेलं, कोरडं, त्याच्यावर कुजवणारे जीव कमी. ऊसवाले पाचटावर कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीचं मिश्रण टाकतात ते याचसाठी. इरजणाला दूध मिळालं. पण हा फायदाच की तोटा, याबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. आमच्यासारख्या ठिकाणी आच्छादन लवकर कुजणं म्हणजे मे महिन्यात जमीन पुन्हा उघडी पडणं, आणि दुसरी ट्रॉली कोण देणार? थंड प्रदेशात लवकर कुजणं हा गुण असेल. इथे मला तो निम्मा गुण वाटतो. पुढच्या वर्षासाठी आम्ही चहाच्या पाळ्या सहावरून दोनवर आणल्या आहेत.

फळांचा उतारा मी मुद्दाम लिहीत नाही. एका वर्षाच्या उताऱ्यावर बहाराची सेटिंग (फुलांची फळं धरणं), पाऊस, तेल्या अशा इतक्या गोष्टींचा हात असतो की तो चहाच्या किंवा पाचटाच्या नावावर टाकणं लबाडी होईल.

वाळवी आली. मामांनी ती येणार हे आधीच सांगितलं होतं. तिने पाचट खाल्लं. बुंध्याजवळ जागा मोकळी होती आणि बागेला ओल होती, म्हणून झाडांना हात लावला नाही. निदान अजून नाही.

ताण बसेना

जी अडचण कोणीच आधी सांगितली नव्हती ती सप्टेंबरात आली. हस्त बहारासाठी बागेला ताण द्यावा लागतो: पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, मग छाटणी करून पाणी सोडलं की फूल निघतं. मामांचं मुरमाड रान या एका बाबतीत वरदान होतं, पाणी तोडलं की काही आठवड्यांत ताण बसायचा. पाचटाच्या ओळींत तो बसेना. कोरी ओळ पिवळी पडली, चहाच्या चार ओळी पिवळ्या पडल्या आणि आठ ओळी हिरव्यागार उभ्या.

मामा बांधावर बसून बघत होते.

“तुजी माती सुधारली. आता फुलं कोण काढणार?”

शेवटी दोन गडी लावून आठ ओळींतलं पाचट ओढून दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात टाकलं आणि माती आठ-दहा दिवस उघडी ठेवली. ताण उशिरा बसला, बहार उशिरा धरला. पाणी सोडल्यावर पाचट पुन्हा आत ओढलं. या दोन्ही वेळच्या मजुरीचा खर्च चहाच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त आला. आच्छादनाची शिफारस करणाऱ्यांनी बहार धरणाऱ्या पिकांत हे आधी सांगायला हवं, असं मला वाटतं. सीताफळात, शेवग्यात हा प्रश्न एवढा तीव्र नसावा. डाळिंबात तो मुळावरच आहे.

यंदाच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा पिंप कडुलिंबाखालीच होतं, त्यात शेळ्यांसाठी पाणी भरलेलं. पंप मामांच्या नातवाने पळवला आहे. त्याच्या बादलीत दोन मासे आहेत. मृगात परत मिळेल, असं तो म्हणतो. मी थर्मामीटर घेऊन कोऱ्या ओळीकडे गेलो, तिसऱ्या उन्हाळ्याचा आकडा घ्यायला. ओळ सापडेना. आठवी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचटाने झाकलेली होती.

“मामा, ही मोकळी ठेवायची होती ना? तुलनेला?”

“ट्रॉलीत उरलं हुतं,” ते म्हणाले. “आन् बघवंना गड्या, येकटीच उन्हात.”